मुकिंदाचा न भाजलेला केक

एका गावात मुकिंदा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? आई म्हणाली, "म्हशीच्या मागोमाग जा, तिला सोडू नको," तर हा मागोमाग गेला. म्हैस ओढ्यातल्या डबक्यात जाऊन बसली. मुकिंदाही बसला. दिवेलागणीला दोघं बरोबरच घरी आले.

बाकी पोरात खोट नव्हती. अंगात कष्टाची धमक होती, जिभेवर खोटं नव्हतं, दारात दोन दुभत्या म्हशी होत्या. पण लग्न काही जमेना. पाहुणे यायचे, मुकिंदाशी चार शब्द बोलायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. आईला रात्रंदिवस तोच घोर लागला होता.

शेवटी एक स्थळ चालून आलं. मुलीचं नाव रेवती. ती पुण्यात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी जपानी भाषा शिकायची. तिने मध्यस्थाबरोबर निरोप धाडला, "दर वेळी पोहे मी करायचे आणि लोकांनी खाऊन निघून जायचं, याचा मला कंटाळा आलाय. या वेळी आम्ही मुलाकडे येतो. मुलाने स्वतःच्या हाताने काहीतरी करून घालावं. मला जपानी पद्धतीचा चीजकेक आवडतो. त्यातला न भाजता, गार करून थिजवतात तो."

आईने कपाळाला हात लावला. "न भाजता केक? मग काय कच्चाच खायाचा?"

तिने तातडीने लेकीला बोलावून घेतलं. ही सिंधूअक्का, मुकिंदाची थोरली बहीण, तालुक्याच्या गावी दिलेली. तिने मोबाईलवर कृती पाहिली आणि पदर खोचला.

"सोपं हाय. चीज न्हाई तर न्हाई, घरच्या दह्याचा चक्का घेऊ. साय, साखर, लिंबू, आन् घट्ट व्हायला चायना ग्रास. खाली बिस्किटाचा थर. मुकिंदा, हात तुझं, डोकं माझं. मी सांगीन तेवढंच करायचं."

"तेवढंच करीन," मुकिंदा म्हणाला. त्यात त्याला आजवर कधीच अडचण आली नव्हती.

"मग हे दही फडक्यात बांध आन् खुंटीला टांग. पाणी निथळू दे."

मुकिंदाने दही बांधलं, टांगलं. त्याच खुंटीखाली पेटीवर त्याचा उद्या पाहुण्यांसमोर घालायचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. अक्का परत आली तेव्हा सदरा चिंब झाला होता आणि माश्यांना तो फार पसंत पडला होता.

"अरं खुळ्या! टांगलं की खाली भांडं ठेवावं. हे काय सांगाया लागतं व्हय?"

"लक्षात ठेवलं, अक्का," मुकिंदा म्हणाला. आणि त्याने ते खरंच लक्षात ठेवलं. त्याचं सगळं बिनसायचं ते याच गुणापायी.

सदरा पुन्हा धुऊन अक्का चहा टाकायला गेली, तर घरात एकही भांडं सापडेना. मांडणी रिकामी, चुलीपाशी काही नाही. शोधत शोधत ती माजघरात आली. कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं, त्याच्याखाली पातेलं. घड्याळाखाली कढई. छत्रीखाली डेचकी. कांद्याच्या माळेखाली परात. आणि आजोबांच्या तसबिरीखाली तांब्या.

आई म्हणाली, "अरं, आजोबा काय निथळणार हाईत?"

मुकिंदाने शांतपणे समजावलं, "आई, दहीबी आधी निथळत नव्हतं. टांगल्यावरच लागलं."

भांडी गोळा करून आई स्वयंपाकघरात गेली.

मग बिस्किटांची पाळी आली. अक्का म्हणाली, "बिस्किटं फडक्यात बांध आन् लाटण्यानं हाण. पार चुरा कर." मुकिंदाने असा झकास चुरा केला की अक्का खूश झाली. "शाब्बास रं पठ्ठ्या! अस्संच. फडक्यात असलं की बिनधास्त हाणायचं. भ्यायचं न्हाई."

एवढी शाबासकी त्याला जन्मात मिळाली नव्हती. त्याची छाती फुगली. चुऱ्यात पातळ केलेलं लोणी कालवून अक्काने तो डब्याच्या तळाशी त्याच्याकडून दाबून घेतला आणि ती धारा काढायला गोठ्यात गेली. तिथूनच तिने हाक दिली, "मुकिंदा, चक्का निथळला असंल. एक गुठळी ऱ्हायला नको, बघ!"

मुकिंदाने चक्का खुंटीवरून उतरवला. नीट पाहिलं. फडक्यात होता. त्याने लाटणं घेतलं आणि भ्याला नाही.

पहिल्या दणक्याला गाठ सुटली. दुसऱ्या दणक्याला चक्का घरभर झाला. घड्याळावर इतका बसला की किती वाजले ते कळेना. आवाज ऐकून आई धावत आली. आजोबांच्या तसबिरीवरून पांढरे ओघळ थेंब थेंब खाली पडत होते.

"बघ आई," मुकिंदा म्हणाला, "निथळलं का न्हाई आजोबा?"

अक्का मात्र रडकुंडीला आली. उद्या पाहुणे दारात आणि चक्का भिंतीवर. हेही स्थळ गेलं तर आई अंथरूण धरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या पारूकाकूंनी श्रीखंडासाठी चक्का बांधला होता, तो तिने हातापाया पडून मागून आणला. या वेळी ती मुकिंदाच्या शेजारून हलली नाही. फेट म्हटलं की त्याने फेटलं, थांब म्हटलं की थांबला. साय, साखर, लिंबाचा रस आणि उकळून विरघळवलेलं चायना ग्रास घालून सगळं बिस्किटाच्या थरावर ओतलं आणि डबा फ्रीजमध्ये गेला.

"आता हे दार लावलं," अक्काने बजावलं. "मी सांगितल्याबिगर उघडायचं न्हाई. कुणी कितीबी इनवण्या केल्या तरी न्हाई. घट्ट व्हायला कधीकधी रातभर लागतं, मधीच उघडलं की सगळं बिघडतं."

"लक्षात ठेवलं, अक्का."

दुसऱ्या दिवशी अक्का न्हाणीत गेली होती. आई विड्याची पानं आणायला निघाली. जाता जाता म्हणाली, "कुत्रं सारखं आत शिरतंय. दार लाव, बाबा."

मुकिंदाने दार लावलं, कडी घातली. तेवढ्यात पाहुणे आले. सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. रेवती, मध्यस्थ आणि रेवतीचे वडील नरसिंगराव. नरसिंगराव म्हणजे भरभक्कम माणूस, आणि वर भर दुपारचं ऊन. त्यांनी कडी वाजवली.

"कोण हाय?"

"पाहुणे! दार उघडा!"

"उघडता येत न्हाई."

"का बरं?"

"मधीच उघडलं की बिघडतं."

"काय बिघडतं?"

"सगळं."

"अहो, इथं ऊन लागतंय!"

मुकिंदाला मनापासून वाईट वाटलं. पण किती विनवण्या झाल्या तरी उघडायचं नाही, हे ठरलेलंच होतं. तो दाराला तोंड लावून म्हणाला, "थोडा दम धरा, मामा. कधीकधी रातभर लागतं."

बाहेर कुणीतरी मुलगी खुदकन हसली. नरसिंगराव हसले नाहीत. अक्का ओल्या केसांनी धावत आली, कडी काढली, हात जोडले, माफी मागितली. केक काही भाजला नव्हता, सासरा मात्र चांगलाच भाजून निघाला होता. रागारागाने आत येऊन त्यांनी समोर दिसली त्या खुर्चीत धाडकन अंग टाकलं. खुर्ची आजोबांची होती, सागवानी, दोन्ही बाजूंनी हातांची. आणि आजोबा होते काडीसारखे.

तेवढ्यात आईही पानं घेऊन परतली. अक्काने मुकिंदाला बाजूला घेतलं. आता सारी भिस्त केकवर होती.

"शेवटचं काम, आन् लई नाजूक," ती कुजबुजली. "गरम पाण्यात फडकं पिळ, डब्याला भवतीनं गुंडाळ. म्हंजी कडा सुटतील. मग ताटावर हळूच उपडं कर. कड मोडता कामा नये. सबंध निघालं की सुरी गरम पाण्यात बुडवायची आन् कापायचं."

मुकिंदाने पाहुण्यांसमोर सगळं अगदी तसंच केलं. केक सबंध ताटात उतरला, माथ्यावर बिस्किटाचा थर आणि खाली पांढराशुभ्र. एकदा थरथरला आणि स्थिर झाला. आईचा जीव भांड्यात पडला.

रेवतीने एक घास घेतला. डोळे मिटले. "किंचित आंबट. अस्साच असतो! कसा केलात?"

मुकिंदाने खरं ते सगळं सांगितलं. सदरा, तांब्या, लाटणं, आजोबा, काही म्हणून लपवलं नाही. अक्का जमिनीकडे बघत राहिली. आईने मनात देवाचा धावा सुरू केला. रेवती मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ओढणीने डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मला पसंत आहे. विचारलं की खरं सांगणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता."

"मला पसंत नाही," नरसिंगराव म्हणाले. "मला यानं उन्हात उभं केलं. चला, उठा!"

ते उठले. खुर्चीही उठली.

ते पुन्हा बसले, पुन्हा उठले. खुर्ची सोडेना. मध्यस्थाने त्यांचे हात ओढले, अक्काने खुर्ची ओढली. काही उपयोग झाला नाही. नरसिंगराव लालबुंद झाले.

"अगं बया, आता काय करायचं?" आई रडवेली झाली.

काय करायचं ते मुकिंदाला ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदाच त्याला कुणी न सांगता ठाऊक होतं. तो स्वयंपाकघरात गेला. आला तो वाफाळता ओला पंचा घेऊन, आणि काखेत मोठी परात. पंचा त्याने नरसिंगरावांच्या कमरेभोवती खुर्चीसकट गुंडाळला.

"अयाई गं!" नरसिंगराव किंचाळले.

"हलू नका, मामा. कड मोडंल."

त्याने परात खाली ठेवली, खुर्चीची पाठ धरली आणि हळूच उपडी केली. पक्कन आवाज झाला. नरसिंगराव सबंध परातीत उतरले. एकदा थरथरले आणि स्थिर झाले.

नरसिंगरावांनी बोलायला तोंड उघडलं. मुकिंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो आनंदाने बहिणीकडे वळला.

"अक्का, बघ की, कुठंसुदिक मोडलं न्हाईत! आता सुरी बुडवू का गरम पाण्यात?"

"दिली!" नरसिंगराव परातीतूनच ओरडले. "मुलगी दिली!"