चोपदाराचा एकच शब्द

एका राज्यात माणसांसारखीच झाडंही दुपारी आडवी होत, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. त्या राज्यात रायभान नावाचा चोपदार होता. रीत अशी, की दारी कोणी आलं की चोपदारानं त्याच्याशी दोन शब्द बोलावे, स्वभाव पारखावा आणि चांदीची काठी आपटून तो दरबारात पुकारावा. त्या पुकाऱ्यावर राजा भेट द्यायची की नाही ते ठरवी.

रायभानाला पूर्वी पुष्कळ शब्द येत. पण वीस वर्षं काठी आपटून त्याला आला कंटाळा, आणि तोंडात उरला एकच शब्द. कोणी तोंडावर बोललं, उद्धट. कोणी लाजून गप्प राहिलं, उद्धट. कोणी रांगड्या बोलीत रामराम घातला, तोही उद्धट! राजा हात हलवी, माणूस माघारी जाई. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एके दिवशी एक म्हातारी आली आणि न विचारता पायरीवर बसली. रायभानानं काठी आपटली, "उद्धट म्हातारी आली हो!"

म्हातारी म्हणाली, "मी दमले आहे. दमलेल्याला उद्धट म्हणालास?"

ती होती चेटकीण. इतक्यात रायभानाची बायको गोजरा त्याचं जेवण घेऊन आली आणि पायरीवर पाय ठेवताच दगड झाली. डोक्यावरच्या दुरडीसकट.

"माई, तिचा काय गुन्हा?" रायभान ओरडला.

"काही नाही. म्हणूनच तुला झोंबेल. तिचे कान जागे आहेत, ती वाट पाहील. तीन दारी जा. जो भेटेल त्याचा स्वभाव नेमक्या शब्दात सांग. उद्धट म्हणालास, तर ही जन्माची दगड." एवढं बोलून चेटकीण दिसेनाशी झाली.

रायभान निघाला. सात डोंगर ओलांडले, तर लोखंडी झाडाच्या ढोलीत पहिलं दार, आणि दारावर एक साळुंकी. ती म्हणाली, "पागोटं वाकडं. मिशी रंगवलेली. आणि बायकोच्या हातचं एवढं खाल्लंस, कधी बरं झालंय म्हणालास?"

रायभानाच्या अंगाचा तिळपापड झाला. जुना शब्द अगदी ओठावर आला! पण त्यानं पागोटं चाचपलं. वाकडंच होतं. बाकीचंही खरंच होतं. तो म्हणाला, "साळुंके, तू फटकळ आहेस. मनात ठेवत नाहीस, पण खोटंही बोलत नाहीस. तुझे उपकार झाले." दार उघडलं.

पुढे वाळूचं रान. दुसऱ्या दारापाशी विहीर, विहिरीवर राक्षस. तहानेनं रायभानाचा जीव कासावीस झाला होता.

"पाणी मिळेल का?"

"घे. नीघ." राक्षसानं पाठच फिरवली.

रायभानाला संताप आला. पण विहिरीचा दोर नवा होता, पोहरा लख्ख घासलेला होता, सावलीत बसायला फरशी घातली होती. पाणी पिऊन त्यानं हात जोडले. "राक्षसा, तू तुसडा आहेस. तुला माणूस नको असतो, पण तहानलेल्याला तू परत पाठवत नाहीस. माझा जीव वाचवलास."

"हं," राक्षस म्हणाला, आणि दार उघडलं.

तिसरं दार पितळेचं. तिथं कोणीच नव्हतं. आतून चेटकिणीचा आवाज आला, "कोण आलंय? तुझ्या रीतीप्रमाणे पुकार."

रायभानानं काठी आपटली. "महाराजांचा चोपदार आला हो!" दार हललं नाही.

"दीन, नम्र माणूस आला हो!" दार वीतभर जाड झालं.

मग तो खाली बसला. आपण माघारी धाडलेली माणसं त्याला एकेक करून आठवू लागली. एक कुंभार होता, तो नुसता अडखळत बोलत होता. एक विधवा होती, ती रडत होती म्हणून तिनं मुजरा केला नाही. रायभानाला हुंदका आवरेना. काठी बाजूला ठेवून तो म्हणाला, "मुजोर आलाय, माई. काठी राजाची, मान राजाचा, आणि गोरगरिबांवर जोर मी केला."

दार उघडलं. पलीकडे राजवाड्याचीच देवडी होती, आणि पायरीवर गोजरा डोळे चोळत होती.

राजा, प्रधान, सगळे धावत आले. गोजरानं नवऱ्याकडे पाहिलं मात्र, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, काही काळजी आहे की नाही माणसाला? चार महिने उभी आहे मी इथं! आणि हा काय अवतार? पायांना भेगा, पोट खपाटीला!"

"महाराजांसमोर असं बोलणं?" प्रधान म्हणाले. "केवढी उद्धट बाई!"

राजानं रायभानाकडे पाहिलं. "चोपदार, पुकारा."

रायभानाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "महाराज, ही उद्धट नाही. ही घाबरली होती. मी परत येतो की नाही, म्हणून घाबरली होती." राजानं मान डोलावली आणि माघारी गेलेल्या प्रत्येकाला मानानं बोलावण्यासाठी घोडेस्वार सोडले.

गोजरा मात्र बोलतच होती. रायभान हात जोडून तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "बोल गं, बोल. थांबू नकोस." असं बोलणं ऐकायचं भाग्य त्याला लाभलं, तसं तुम्हाआम्हालाही लाभो.