वेशीवरचं नाव

एका राज्यात, जिथल्या वेशीची भिंत माणसं गिळत असे, एक म्हातारा राजा राज्य करी. परगावी निघालेल्याचं नाव घरातल्या धाकट्याने त्या भिंतीवर लिहायचं, ही तिथली रीत. नाव बरोबर असलं तर भिंत माणसाला राखे. चुकलं तर माणूस भिंतीवरचं चित्र होई आणि अमावास्येला ते चित्र पुसलं जाई. हा शाप कालनेत्र मांत्रिकाचा, आणि कालनेत्र त्या भिंतीतच राही. रीत मोडावी असं मात्र कुणाला सुचलं नाही. रीती अशाच टिकतात.

राजकन्या कनकवेल नऊ वर्षांची. पोर तल्लख, पण लिहायला बसली की अक्षरं मुंग्यांसारखी पळत. थोरला भाऊ वज्रधर मोहिमेवर निघाला तेव्हा नाव तिनेच लिहिलं, आणि दोन अक्षरांनी जागा बदलल्या. घोड्यावरचं खोगीर रिकामं झालं. भिंतीवर वज्रधर उमटला, डोळे उघडे ठेवून.

"चुकलेल्या हातानेच सोडवावा," भिंत बोलली. "धुळीवर, पाण्यावर, अंधारावर. तीनदा नाव, चूक एकही नको."

अमावास्येला सात दिवस होते. पंतोजींनी तिच्याकडून ते नाव हजारदा गिरवून घेतलं, हातावर छड्याही दिल्या. "बुद्धी आहे, लक्ष नाही," ते म्हणाले. लक्ष नाही! त्या पोरीचं लक्ष दुसरीकडे होतंच कुठे? भावाचे पाय रोज फिकट होत होते आणि तिला घास गिळवत नव्हता.

सहाव्या दिवशी भिंतीवर टिटवी येऊन बसली. "राजकन्ये, काय लिहितेस?"

"दादाचं नाव."

"त्यात दादा दिसतो?"

"नाही. नुसती अक्षरं."

"मग ती कुणासाठी थांबतील? डोळे मीट. आधी दादाला बघ, मग अक्षराला."

कनकवेलीने डोळे मिटले. 'व' म्हणजे झोपाळ्याच्या खांबाला बिलगलेला दादा. 'ज्र'च्या पायाशी तिरकी रेघ, तसाच दादाच्या पोटरीवर तिरका व्रण. 'ध'चं डोकं मधेच उघडं, दादाचा फेटाही नेहमी सरकलेला. 'र'ने एक पाय पुढे टाकलेला, दादाही सदा निघालेलाच. चारही अक्षरं पापण्यांआड आली आणि उभी राहिली. पळाली नाहीत. तिला रडू फुटलं.

अमावास्येच्या दुपारी तिने धुळीवर नाव लिहिलं. भिंतीच्या भेगांतून वारा सुटला आणि धूळ उडाली, तरी तिने डोळे उघडले नाहीत. मग तळ्याच्या पाण्यावर लिहिलं. रेघ मागोमाग विरत होती, पण तिला पाण्याकडे बघायची गरजच नव्हती.

तिसऱ्या वेळी भिंतीने तिला पोटात घेतलं. आत काळोख होता, आणि त्या काळोखात पुष्कळ माणसं श्वास घेत होती. पूर्वी पुसली गेलेली.

तिने 'व' काढला. तोच कानाशी दादाचा आवाज आला, अगदी हुबेहूब. "कनू, आता 'ध' काढ."

बोट थबकलं. दादा कधी खोटं बोलत नसे. पण डोळ्यांपुढच्या दादाच्या पोटरीवर व्रण होता, आणि त्या व्रणाची पाळी आधी होती. तिने तिरकी रेघ ओढली. मग उघडं डोकं. मग पुढे टाकलेला पाय.

काळोखात कालनेत्राने दात खाल्ले आणि भिंत तडकली. आधी एक पाय बाहेर आला, मागून सरकलेल्या फेट्यासकट वज्रधर. त्याच्या मागून इतर आले, जुन्या तऱ्हेचे कपडे ल्यालेले, कधीच वारलेल्या आयांना हाका मारणारे. राजाने एकेकाला घर दिलं, भिंत खणून काढली, पंतोजींची छडी चुलीत घातली आणि पाठशाळेत हुकूम केला: पोरांनी आधी डोळे मिटावे, मग लिहावे. त्या राज्याची घडी बसली, तशी सगळ्यांची बसो.

संध्याकाळी झोपाळ्यावर वज्रधर म्हणाला, "कनू, आत तुला सांगणारा मी नव्हतो."

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू मला दिसत होतास."