गेनूनं बुजवलेली फट

शेवट ओळखा बघू! ओळखलात तर ही अर्धी मिशी उतरवून हातात देतो. हसू नका, आधी ऐका.

एका राज्यात झोपच नव्हती. राजाला नाही, राणीला नाही, पाळण्यातल्या पोराला नाही. राजानं महालासाठी अख्खं रान तोडलं, तेव्हा रानातल्या चेटकिणीनं शापच दिला तसा. उरला एकच बेहडा, डोंगराएवढा. चेटकीण म्हणाली, "ज्यानं महाल बांधला, त्यानंच या झाडावर घर बांधावं. झाडानं ते आपलं म्हटलं, तर राज्य झोपेल."

महाल बांधला होता गेनू सुतारानं. त्याची बायको सारजा जागून जागून काडी झाली होती. भाकरी थापताना डुलायची, पण डोळा काही लागायचा नाही. राजाचं काय व्हायचं ते होवो, गेनूला हिला एकदा गाढ झोपलेली बघायचं होतं.

बेहड्यावर धनेश बसला होता, हा एवढ्या चोचीचा पक्षी. म्हणाला, "तीन अटी. खिळा मारायचा नाही. ओली फांदी तोडायची नाही. कुणाचं दार बंद करायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण तू पडलास सुतार."

गेनूनं वाळकी लाकडं वेलींनी बांधली. फांद्या आपणहून वाकल्या, त्यांची जमीन झाली. पाऊस आला की पानं एकमेकांवर सरकायची, छप्पर व्हायचं. खारी भिंतीतून ये-जा करायच्या. माडी पोपटांनी बळकावली.

"अहो, महालापेक्षा हेच बरं," सारजा म्हणाली. "इथं कुणाला मुजरा नको."

शेवटच्या दिवशी गेनू सगळीकडून हात फिरवत होता. सुताराला फट दिसली की त्याचा जीव राहतोय होय! उशाशी, खोडातच, बोटभर फट. कडेनं चिखल लिंपलेला. "कोण हा अडाणी गवंडी?" म्हणत त्यानं सरसात भुसा कालवला, फट दाबून भरली आणि अशी घासली, की त्याची त्यालाही सापडू नये.

दुसऱ्या दिवशी धनेश चोचीत उंबर धरून खोडाभोवती घिरट्या घालत राहिला. खोडावर चोच आपटली. उंबर खाली पडलं.

"गेनू, माझी बायको अंड्यांवर आत बसली होती. मी तिला त्या फटीतून भरवत होतो."

गेनूनं नखांनी भुसा उकरला. ढोलीत पिसं हलली. वाऱ्यानं.

झाड कण्हलं. खालून चेटकीण म्हणाली, "ढोली रिकामी राहिली, तर राज्य कधीच झोपायचं नाही."

"मी बसतो आत," गेनू म्हणाला.

"सरका," सारजा म्हणाली. "तुम्ही तिथंही फट दिसली की बुजवाल. मला तसंही आडवं व्हायचंय."

ती आत शिरली. खोड मिटलं. फट राहिली, बोटभर.

राज्य झोपलं. राजा घोरायला लागला, पाळणे थांबले, तोडलेलं रान बुंध्यांतून पुन्हा फुटलं. संपली म्हणता? मग मिशी वाचली माझी!

सगळ्यांचं जागरण एकट्या गेनूकडे राहिलं. तो रोज उंबर आणतो, फटीशी धरतो. आतून दोन बोटं येतात. कधी आवाज येतो, "कच्चं आहे हो हे." कधी बोटं येतच नाहीत, नुसता गाढ श्वास येतो. मग गेनू उंबर हातात धरून तिथंच बसतो. सारजा झोपलेली त्याला बघायची होती. ऐकू तेवढी येते.