महिपा सासऱ्यांचा आवाज आणतो

पिंपरखेड्यात महिपा नावाचा एक घरजावई नांदत होता. भोळा इतका, की सांगितलेलं कधी मोडायचा नाही आणि त्यात स्वतःची अक्कल कधी घालायचा नाही.

त्याचे सासरे तात्याबा संबळावर गोंधळ गायचे. ते वारले. मागे त्यांचा आवाज एका सीडीत तेवढा राहिला. सासू रोज सांजेला ती लावून बसायची. ऐन वर्षश्राद्धाच्या तोंडावर सीडी तिच्या हातून निसटली आणि फरशीवर घासून तिला चरे पडले. मशीनमध्ये घातली की नुसती खरखर. सासूने अन्न सोडलं. भाऊबंद जमतील तेव्हा ह्यांचा आवाज घरात घुमला पाहिजे, नाहीतर कसलं श्राद्ध, असं म्हणाली.

महिपाच्या बायकोने, कौसाने, त्याला तालुक्याला लतीफभाईंकडे धाडलं. लतीफभाई बिघडलेल्या सीडीतून गाणी काढून देत.

महिपाने सीडी खिशात टाकली. खिशात किल्ल्या होत्या, अडकित्ता होता. दुकान येईतो चऱ्यांना पिल्लं झाली.

"पाव्हणं, ही काय सुपारी आहे?" लतीफभाई म्हणाले. "अशी वस्तू मऊ फडक्यात काठाला धरावी. पोटाला बोटसुद्धा लावू नये."

वीज गेली होती. त्यांनी सीडी परत दिली आणि उद्या यायला सांगितलं.

परतताना मावशीकडून श्राद्धासाठी विरजलेलं दही आणायचं होतं. महिपाने गाडगं मऊ फडक्यात काठाला धरलं. पोटाला बोट लावलं नाही. वेशीपाशी काठ हातात राहिला, गाडगं खाली गेलं. दही कुत्र्यांनी चाटलं.

कौसाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, खालून दोन्ही हातांनी धरायचं असतं. वर ओलं फडकं घालायचं, वाटेत पाणी शिंपडत यायचं."

"हे आधी सांगायचं," महिपा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सीडी ओंजळीत घेतली, वर ओलं फडकं घातलं आणि लागेल त्या नळावर तिला पाणी पाजत तालुका गाठला. वाटेतली धूळ बसून सीडीवर चिखल झाला होता. लतीफभाईंनी ती धुतली, पुसली आणि दात घासायची पेस्ट घेऊन चऱ्यांवर मधून काठाकडे चोळू लागले. महिपाने विचारलं, हे काय. चरा पडला की हेच औषध, ते म्हणाले. आवाज निघेपर्यंत चोळत राहायचं, सोडायचं नाही. या वेळी सीडी त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतली.

महिपा घरी आला तर सासूची नडगी उंबऱ्याला खरचटली होती. चांगला लांब चरा. महिपाने पेस्ट आणली, पाय धरला आणि मधून काठाकडे चोळायला लागला. सासू किंचाळली ते चावडीपर्यंत ऐकू गेलं. महिपा थांबला.

"निघाला आवाज," तो समाधानाने म्हणाला.

श्राद्धाच्या दिवशी तो पुन्हा गेला. लतीफभाईंनी खपून तात्याबांचा आवाज काढला होता आणि नव्या सीडीत भरला होता. जुनी कामातून गेली होती. दोन्ही सीड्या हातात देऊन त्यांनी बजावलं, "वाजते ती सासूबाईंना द्या. वाजत नाही ती टाका विहिरीत."

वाटेत विहीर लागली. महिपाने जुनी सीडी कानाला लावली. गप्प. टाकली. मग नवी लावली. हलवून पाहिली. तीही गप्प. लतीफभाईंनी फसवलं, असं म्हणून तीही टाकली.

घरी भाऊबंद पानावर न बसता वाट पाहत थांबले होते. पाटावर मशीन, मशीनला हार. महिपाने रिकामे हात दाखवले आणि घडलं ते सांगितलं. सासू नडगी धरून उठली.

"जावईबापू, त्या विहिरीवर जा. त्यांचा आवाज घेऊन या. तोवर घरात पाऊल टाकायचं नाही."

महिपा गेला. काठावर पालथा पडला. सासऱ्यांना तो मामा म्हणायचा, तशीच त्याने आत तोंड घालून मोठ्याने हाक मारली. विहिरीतून हाक आली. पुन्हा मारली, पुन्हा आली.

तो धावत परतला आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"मामी, आवाज सापडला," तो म्हणाला. "खणखणीत आहे. पण पाण्यात राहून मामांना भ्रम झालाय. मलाच मामा म्हणतायत."