भिंतीखालचं घर

आंबेवळणच्या तलावाची भिंत उतरून आलात, की अगदी पायथ्याशी एकच घर दिसतं. दार भिंतीकडे, ओटाही भिंतीकडे. पाहुणे विचारतात, असं मरणाच्या तोंडाशी घर बांधायची बुद्धी कोणाला झाली? बुद्धी तानूबाई कोष्टिणीची, घर मात्र कारभाऱ्याचं.

गोष्ट संस्थानी काळातली. असं सांगतात, की इथला पहिला बांध एका पावसात फुटला आणि तानूबाईचा नवरा हातमागासकट वाहून गेला. तो बांधून घेणारे कारभारी नीळकंठपंत टेकडीवरच्या माडीतून म्हणाले, देवाची करणी. तिला ते कधीच पटलं नाही. बांधात दगडाऐवजी माती देवाने भरली नव्हती, एवढं तिला कळत होतं.

पुढे विहिरी आटल्या आणि पंत पुन्हा आले. नव्या तलावासाठी संस्थान रोखे काढणार होतं. लोकांनी पैसा द्यायचा, शिक्क्याचा कागद घ्यायचा आणि सालोसाल व्याज खायचं. पण आधी गावाचा कौल हवा. म्हणून फुटक्या बांधापाशी दोन रांजण मांडले, एक होकाराचा, एक नकाराचा. घरटी एक तांब्या पाणी ओतायचं.

तानूबाई पुढे झाली खरी, पण हात उचलेना. पंतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि घरी तान्हा नातू गढूळ पाण्याने तापला होता.

"पंत, तुमचं बिऱ्हाड कुठं हाय?"

"टेकडीवर. का गं?"

"तितवर पानी चढत न्हाई." तिने बांधाच्या पायथ्याशी तांब्या उपडा केला. "हितं घर बांधा. मग आमी रोखं घेतो."

पंत हसले. मागच्या बाईनेही तिथेच पाणी ओतलं. मग तिच्या मागच्याने. दोन्ही रांजण कोरडे राहिले आणि त्या जागी चिखल झाला.

संस्थानाला पैसा हवा होता, तेव्हा पंतांचा नाइलाज झाला. भिंत पुरुषभर उंच झाल्यावर ते बायकामुलांसह पायथ्याच्या नव्या घरात राहायला आले आणि, म्हणे, दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती पायापासून उकरायला लावली. पुन्हा बांधली ती घडीव दगडात. तानूबाईने उकरलेल्या ढिगातली मूठभर माती उचलली, पंतांच्या ओट्यावर ठेवली आणि ती घरी गेली.

आजही पाणी समितीच्या अध्यक्षाला पहिला पावसाळा सहकुटुंब याच घरात काढावा लागतो. परवा नवे अध्यक्ष कुरकुरले, "अहो, आता भिंत सिमेंटने पक्की केलीय मी!"

गाव म्हणालं, "मग निवांत झोपा की."