राणीसाहेब आणि नायलॉनची दोरी

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. सरपोतदार मास्तरांना रेडिओवरून परमुलखातल्या माणसांशी बोलायचा भारी नाद. त्यासाठी त्यांनी गच्चीवर उंच खांब रोवून त्यावर आडव्या नळ्यांचा मोठा अँटेना चढवला होता. त्यातली सगळ्यात लांब नळी स्वतःला राणीसाहेब समजायची. पण राणीसाहेबांची दोन्ही टोकं त्यांच्याच वजनानं केळीच्या पानासारखी लोंबू लागली होती.

मास्तरांनी तिची टोकं पोलादी तारेनं खांबाच्या शेंड्याला बांधली. तर नळ्यांसारखी ती तारही हवेतले आवाज झेलू लागली, आणि मास्तरांच्या कानी नुसती खरखर आली. त्यांनी तार काढून कोपऱ्यात फेकली आणि नायलॉनची दोरी बांधली.

नळीनं नाक मुरडलं. "शी! कपडे वाळत घालायची दोरी! मी सातासमुद्रापलीकडचं बोलणं झेलते. या ठोंबीला एक अक्षर तरी ऐकू येतं का?"

दोरीनं टोकं आणखी ताणून धरली. त्यानं नळीला आणखी चेव आला. वारा सुटताच तिनं असं अंग झाडलं, की गाठ सैल झाली आणि टोकं पुन्हा लोंबली.

मास्तर वैतागून वर चढले. गाठ आवळत म्हणाले, "आता लोंबली, तर सरळ भंगारात!"

राणीसाहेबांची बोबडी वळली. "दोरीताई, घट्ट धरा हं. आणि माझं ते बोलणं... ऐकलं नाहीत ना?"

"छे गं," दोरी म्हणाली. "मला काही ऐकू येत नाही, म्हणून तर इथं बांधलंय. कान असलेली ती तार बघ, कोपऱ्यात पडलीय."