सहा प्लॅटफॉर्मवर चाललेली फिल्म

मिरजेजवळच्या एका गावात एक भोळा दीर होता. नाव नेमू, वय बेचाळीस. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. म्हणून घरात त्याला सहसा कुणी काम सांगत नसे.

त्याच्या पद्मावहिनीचा पुढच्या खोलीत व्हिडिओ स्टुडिओ होता. एरवी लग्नं आणि बारशी. पण यंदा तिनं कासमचाचांवर फिल्म केली होती. चाचा भोपळ्याचे तंबोरे बनवायचे, आणि त्यांच्यानंतर गावात ते बनवणारं कुणी नव्हतं. पुण्याच्या एका संग्रहालयाचे होनराव साहेब ही फिल्म जपून ठेवणार होते. पसंत पडली तर आणखी वीस कारागिरांच्या फिल्म वहिनीनंच करायच्या होत्या. साहेबांची अट एवढीच, की फिल्म खुल्या कोडेकमध्ये हवी.

नेमूनं विचारलं, कोडेक म्हणजे काय. वहिनी म्हणाली, फिल्म फार मोठी असते. तिची घडी घालून ठेवायची आणि बघताना उलगडायची, त्या रीतीला कोडेक म्हणतात. रीत खुली असली की फिल्म कुठल्याही प्लॅटफॉर्मवर चालते.

"तेवढं सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालवून बघा, भावजी," ती म्हणाली.

नेमू लॅपटॉप घेऊन निघाला तो संध्याकाळी परत आला. मिरज जंक्शनच्या सहाही प्लॅटफॉर्मवर फिल्म छान चालली होती. चारवर मालगाडी उभी होती, म्हणून आवाज जरा कमी आला. दोनवर एका हमालानं पुन्हा लावायला सांगितली.

वहिनीनं त्याला समजावलं. प्लॅटफॉर्म म्हणजे स्टेशन नव्हे, कॉम्प्युटर. आपल्या खोलीत एक विंडोजचा, दुसरा मॅक, तिसरा लिनक्सचा. हे झाले तीन प्लॅटफॉर्म. नेमूनं मान डोलावली. त्याला पटलं होतं.

दोन दिवसांनी साहेब रेल्वेनं कोल्हापूरला चालले होते. मिरजेला गाडी पाच मिनिटं थांबणार होती. वहिनी एका बारशाच्या शूटिंगला गेलेली. तिनं नेमूला फोन केला, साहेब दहा वाजता तीन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर भेटतील, त्यांना डिस्क द्या.

नेमू इस्त्रीचा शर्ट घालून साडेनऊपासून तिसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसला. साहेबांसाठी चहाही झाकून ठेवला. तिकडे साहेब डब्याच्या दारात उभे राहून डावीउजवीकडे बघत होते. गाडी सुटली. चहा नेमूनं प्यायला.

साहेब फोनवर म्हणाले, इंटरनेटवरून पाठवा. फिल्म आणखी लहान करायला वहिनीनं ती कोडेकला लावली. यंत्र सावकाश चाललं होतं. नेमू विचारू लागला, आत एवढा वेळ काय करतंय. वहिनी म्हणाली, पहिल्या चित्रात असतं तेच दुसऱ्यात आलं, तर कोडेक ते पुन्हा ठेवत नाही, एकदाच ठेवतो. एवढं सांगून ती जेवायला गेली.

नेमूला यंत्राची दया आली. ते बंद करून तो स्वतःच कामाला लागला. चाचा भोपळा घासत होते, घासतच होते. त्यानं एक घासणं ठेवलं. तंबोरा तर पुन्हा पुन्हा तेच वाजत होता. त्यानं एक 'टुंग' ठेवला. चाळीस मिनिटांची फिल्म अकरा सेकंदांची झाली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुण्याला पोचली. साहेबांनी ती चार वेळा बघितली. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी अडकलंय.

 वहिनी शांतपणे म्हणाली, "कोडेकचं काम कोडेकला करू द्या, भावजी. तो खुला आहे, हजार जणांनी मिळून लिहिलाय. ज्याला हवं त्यानं आत बघावं, न्यावं, बदलावं. अट एकच, बदललेलंही सगळ्यांना खुलं ठेवायचं."

नेमूला हे फार आवडलं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

साहेब सोशीक माणूस. रविवारी मीच येतो, म्हणाले, मूळ फिल्म तिथंच बघतो. वहिनी त्यांना आणायला स्टेशनवर निघाली. जाता जाता म्हणाली, "स्टुडिओ खुला ठेवा."

दोघं परत आली तेव्हा रिकाम्या खोलीत त्यांच्याच पावलांचा आवाज घुमत होता. तिन्ही कॉम्प्युटर नव्हते, कॅमेरा नव्हता, पडदा नव्हता. नेमू वही घेऊन जमिनीवर बसला होता. चेहऱ्यावर समाधान होतं.

त्यानं वाचून दाखवलं. पडदा टेलरनं नेला, त्याची झबली करणार आहे. खुर्च्या सुतारानं नेल्या, त्यांची बाकडी होणार. फिल्मची डिस्क बँडवाल्यानं नेली, मधे स्वतःची वरात घालणार आहे. प्रत्येकाला अट सांगितली होती, बदललेलं सगळ्यांना खुलं ठेवायचं. सगळ्यांनी खुशीनं सह्या केल्या होत्या.

वहिनी उंबऱ्यावरच खाली बसली. साहेबांना बसायला कुठं दिसेना.

नेमूला वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलेला पाहुणा रिकाम्या हातानं जाणार. त्यानं खोलीभर नजर फिरवली, मग वही साहेबांपुढे धरली.

"आता मीच उरलोय," तो म्हणाला. "करा सही आणि न्या मला. फक्त काही बदल केलात, तर वहिनींना परत आणून दाखवा."